डावं मागचं चाक

हर्णैच्या बंदरावरचा लिलाव मोडतो,
बैलगाड्या ओल्या चाकांनी वाळूतून वर येतात,
तेव्हा शर्फुद्दीन हमदुले शटर वर करतो.
आत एका ट्रॉलरचं उघडं इंजिन, दोन रिक्षा,
पाजपंढरीच्या कुणाचा तरी टेम्पो,
आणि गल्ल्यावर, बिलं उडू नयेत म्हणून,
मुठीएवढा एक नट.
डाव्या बाजूचे आटे. उजव्या चाकाला चालायचा नाही.
इथल्या कुठल्याच चाकाला चालत नाही.

मी त्याच्याकडे तीन वर्षं होतो.
पाना कसा धरायचा हे त्यानं शिकवलं नाही,
कुठे थांबायचं ते शिकवलं.
"गाडी यायच्या आधी गुडघा टेकलेला पायजे.
आल्यावर वाकतो, तो गेलाच म्हणून समज."

शहाऐंशीचा मोसम.
कुवेतच्या शेठला शर्यतींचा नाद,
एक गाडी, तीन ड्रायव्हर, आणि त्याच्याच गॅरेजातली
सात माणसं, ज्यांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात.
विमानात बसेपर्यंत कुठं चाललोय ते ठाऊक नव्हतं.
त्या गावाचं नाव चाचाला आजही धड म्हणता येत नाही;
झाडं मात्र सांगतो, मुरूडच्या सुरूसारखी,
फक्त आवाज न करणारी.

चोवीस तासांची शर्यत.
शर्फुद्दीनकडे डावं मागचं चाक.
उजवं एका मलबाऱ्याकडे, पुढची दोन बलुची भावांकडे.
कोण पुढे, कोण मागे, कोण भिंतीवर आदळलं,
त्यानं काहीच पाहिलं नाही.
तापलेल्या रबराचा वास, एक नट, एक हातोडा,
मग वर केलेला हात,
मग रिकामी जागा आणि तेलाचे थेंब.

रात्री झाडांआडून दिवे यायचे.
बंदरावर उभ्या बाया जशा अंधारात
इंजिनच्या ठोक्यावरून आपली होडी ओळखतात
तशीच तो आपली गाडी ओळखायचा.
एका फेरीला ठोका आलाच नाही.
कुणी कुणाशी बोललं नाही.
धुक्यात ती वाळूत रुतून बसली होती,
दीड तास गेला.
विसाव्या तासाला गिअरबॉक्स फुटला.

जमिनीवर चादर पसरून त्यांनी तो उघडला
बांगडा साफ करावा तसा.
तीन तास. मलबारी मध्येच रडला, मग जेवला.
शेवटच्या अर्ध्या तासात गाडी बाहेर काढली,
एकाच गिअरवर, खोकत, सगळ्यांना वाट देत,
आणि झेंडा पडला तेव्हा ती रेषेवरून गेली.

नियम असा होता:
पहिल्या गाडीच्या सत्तर टक्के तरी अंतर कापायचं.
आपलं भरलं अडुसष्ट.

तो कागद चाचाकडे आहे.
आइलफिल्टरच्या खोक्यात, चार घड्या घातलेला.
वरून खाली नंबर लागतात, एक, दोन, सतरा,
मग एक रेघ ओढलेली,
रेघेखाली आपली गाडी, बारीक अक्षरांत,
आणि नंबराच्या जागी काहीच नाही.
धावली, पण धरली नाही.

"लोक विचारतात, कितवा आलास?
मी सांगतो, आलो ना."
एवढं बोलून तो थुंकायला बाहेर गेला.
बराच वेळ आत आला नाही.
समोर सुवर्णदुर्गाला भरतीचं पाणी लागत होतं.

पुढच्या वर्षी शेठनं घोडे घेतले.

आता चाचाचा गुडघा वाकत नाही.
दापोलीच्या डॉक्टरनं फोटो काढून दाखवला,
म्हणे हाड हाडावर घासतंय.
तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असतो,
मी कामं करतो, तो चुका काढतो.
पण चढणीवर कुणाची गाडी गिअर टाकते
तसा बोलता बोलता थांबतो,
आणि लुंगीआड त्याचा डावा पाय
खाली जायला बघतो.

काल दिगंबर पावशेची रिक्षा आली.
मी जॅक घेऊन धावलो.
"अरे, चाक नको काढू," दिगंबर म्हणाला,
"हवा बघ फक्त."
चाचानं खुर्चीतूनच हात वर केला.
जा.